लिबित्सेत काहीच दिसलं नाही म्हणता? मग आधी पाणी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. प्रागला नोकरीनिमित्त राहता. एका चेक सहकाऱ्याने "आमची दुसरी राजधानी बघून या" म्हणत तुम्हाला लिबित्से नाद त्सिद्लिनौ या गावी धाडलं. तुम्ही बायकोपोरांना घेऊन गेलात, आणि दिसलं काय, तर गवताचं पटांगण, त्यात जमिनीसरशी आखलेला एका चर्चचा पाया, दोन संतांचा पुतळा आणि पलीकडे चारचौघांसारखं गाव. वीस मिनिटांत पोरं कंटाळली. आता तुम्ही विचारताय की इथे खरंच राजधानी होती का, एक अख्खं घराणं एका दिवसात कापलं गेलं हे खरं का, आणि असेल तर बघायचं तरी काय.

मी इतिहासकार नाही, हे आधीच सांगतो. माझं काम मोजणीचं. नद्यांच्या पूरमैदानांचे उंचीचे नकाशे करणं हा माझा सतरा वर्षांचा उद्योग, आणि त्यातली बरीच वर्षं लाबे नदीच्या खोऱ्यात गेली. लाबे म्हणजे जर्मनीत गेल्यावर जिला एल्ब म्हणतात तीच. लिबित्सेत मी इतक्या वेळा चिखल तुडवलाय की तिथली वीतभर उंचीसुद्धा मला डोंगरासारखी दिसते. तेव्हा जे सांगतो ते या बाजूने समजून घ्या. पुरातत्त्वाचं सांगतो ते वाचून आणि उत्खननवाल्यांसोबत राहून मिळालेलं आहे, जमिनीचं सांगतो ते माझं आहे.

तुमची खरी अडचण मला वेगळीच वाटते. तुम्ही किल्ला शोधत होतात. आपल्या डोळ्यांना किल्ला म्हणजे डोंगर, बुरूज, दगडी तट. लिबित्सेचा कोट होता भुईकोट, तोही माती, लाकूड आणि थोड्या दगडाचा, दहाव्या शतकातला. असा कोट पडला की लाकूड कुजतं, माती पसरते, दगड शेजारचे लोक घरासाठी उचलून नेतात. हजार वर्षांनी उरते ती फक्त त्याची जागा. म्हणून इथे भिंत शोधायची नाही, जागा वाचायची. आणि ही जागा वाचायची किल्ली पाण्यात आहे.

गावाच्या नावातच ती आहे. 'नाद त्सिद्लिनौ' म्हणजे त्सिद्लिनाकाठचं. त्सिद्लिना ही लहानशी नदी, लांबी ९० किलोमीटरच्या आतच. यिचिनकडून येते, नोवी बिजोव, ख्लुमेत्स, झेहुन्यचं मोठं तळं करत इथवर पोचते आणि लिबित्सेपाशी लाबेला मिळते. प्रागच्या चर्चचा डीन असलेला कोस्मास याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात लॅटिनमध्ये बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागाचा, इतिहास लिहिला. त्यात तो लिबित्सेचा पत्ता असा देतो: जिथे त्सिद्लिना आपलं नाव गमावते आणि लाबेच्या मोकळ्या पाण्यात शिरते, तिथे. इतका सुंदर पत्ता मी कुठल्याही मोजणीच्या कागदावर पाहिलेला नाही. पण त्यातलं सौंदर्य सोडा, तो पत्ता अचूक आहे, हे महत्त्वाचं.

आता जमीन बघा. समुद्रसपाटीपासून साधारण १९० मीटर, सगळीकडे सपाट. लाबेने हिमयुगांत आणून टाकलेल्या वाळू-खडीचे थर, त्यावर नंतरचा गाळ. या सपाटीत नद्या सरळ वाहत नाहीत. त्या वळणं घेतात, वळण तोडतात, जुनं पात्र मागे टाकून नवीन धरतात. मागे राहिलेल्या पात्रांत पाणी साचून पाणथळ होतं. या सगळ्या ओल्या पसाऱ्यात वाळू-खडीचे काही उंचवटे मात्र पाण्याच्या वर राहतात. उंची किती? दोन-चार मीटर. ऐकायला काहीच नाही. पण पुराच्या पाण्यासमोर दोन मीटर म्हणजे जगणं आणि बुडणं यातलं अंतर आहे.

लिबित्सेत असे दोन उंचवटे शेजारी शेजारी होते, मध्ये सखल भाग, जुन्या प्रवाहाचा. एका उंचवट्यावर बालेकिल्ला, म्हणजे तुम्ही पाहिलेलं ते गवताचं पटांगण. दुसऱ्यावर बाहेरचा कोट, आणि त्याच जागी आजचं गाव. दोन्ही मिळून २४ हेक्टरांच्या आसपास. म्हणजे तुम्ही गाडी लावलीत, मुलांना आइस्क्रीम घेऊन दिलंत, ती जागा बहुधा कोटाच्या आतच होती. गाव बघायला आलो आणि कोट सापडला नाही म्हणताय, पण तुम्ही कोटातच उभे होतात.

हे दोन उंचवटे घरबसल्या बघायचे असतील तर एक सोपी युक्ती आहे. चेक भूमापन खात्याने विमानातून लेझर सोडून केलेला सगळ्या देशाचा उंचीचा नकाशा इंटरनेटवर फुकट ठेवला आहे. त्यावर झाडं आणि घरं काढून टाकलेली असतात, नुसती जमीन दिसते. लिबित्सेचा भाग उघडा, सावलीचं दृश्य निवडा, आणि सखल जमिनीत नदीची जुनी वळणं कोरल्यासारखी दिसतील. मुलांना तो नकाशा आधी दाखवला असता तर ती कंटाळली नसती, असं माझ्या दोन पोरांवरून सांगतो. आम्ही घरातून निघतानाच "आज बेटावर जायचं" असं म्हणतो.

मग प्रश्न येतो, कोट इथेच का? याची तीन कारणं मला दिसतात, आणि तिन्ही पाण्याशी येऊन मिळतात.

पहिलं संरक्षण. दोन्ही बाजूंना पाणथळ असेल तर शत्रूला येण्याची वाट अरुंद होते. तटबंदी सगळीकडून सारखीच भक्कम करावी लागत नाही. डोंगरावर कडा जे काम करतो ते इथे चिखल करतो. घोडदळ चिखलात काय करतं हे कुणी सांगायला नको.

दुसरं रस्ता. प्रागहून पूर्वेला क्लाड्स्को (आज पोलंडमधलं क्लोड्स्को) आणि पुढे क्राकोवकडे जाणारी वाट या खोऱ्यातून जायची. नदी ओलांडायची तर पायी पार होण्याइतका उतार कुठे आहे हे माहीत हवं आणि तो ताब्यात हवा. संगमाजवळ बसलेला माणूस दोन नद्यांच्या वाटा आणि एक पायवाट अशा तिन्हींवर नजर ठेवतो. जकात कुठे घ्यायची याचा विचार करणाऱ्या माणसाला याहून चांगली जागा सापडणार नाही.

तिसरं पोट. लाबेकाठचा हा पट्टा बोहेमियातला उबदार आणि सुपीक भाग आहे. पूरमैदानात गवत, लाकूड, मासे, आणि उंचवट्यामागे धान्याची शेतं. कोटातली शेकडो माणसं, घोडी आणि पाहुणे यांना पोसायचं तर हे लागतं. नुसतं संरक्षण हवं असतं तर लोक डोंगरावर गेले असते.

पूर म्हटलं की आपल्या मनात आषाढ-श्रावण येतो. इथे तसं नसतं. लाबेचं मोठं पाणी बऱ्याचदा वसंताच्या सुरुवातीला येतं, पर्वतावरचा बर्फ वितळला की. उन्हाळ्यातल्या जोरदार पावसाने येणारे पूरही असतात. उलट उन्हाळा सरता सरता, सप्टेंबरच्या सुमाराला, नदी खाली गेलेली असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि हिवाळ्यात कडक थंडी पडली की खंदकाचं पाणी गोठून चालता येईल असं होतं, म्हणजे पाण्याचा कोट वर्षभर सारखाच भक्कम नव्हता.

आता राजधानीची गोष्ट. इथे राहणाऱ्या घराण्याला इतिहासात स्लावनिक घराणं म्हणतात, कारण ज्याच्याबद्दल आपल्याला नीट माहिती आहे तो पहिला पुरुष स्लावनिक. तो ९८१ मध्ये वारला. बायकोचं नाव स्त्र्येझिस्लावा. मुलगे बरेच. त्यातला सोब्येस्लाव बापाच्या जागी आला आणि दुसरा, वॉयत्येख, चर्चमध्ये गेला. त्याला जग अडालबर्ट म्हणून ओळखतं, कारण तो शिकायला माग्डेबुर्गला गेला आणि तिथल्या आर्चबिशपचं नाव त्याने घेतलं. ९८२ मध्ये तो प्रागचा बिशप झाला.

कोस्मास म्हणतो की स्लावनिकची सत्ता पश्चिमेला म्झे नदीजवळच्या ओसेकपर्यंत, दक्षिणेला खीनोव, दौद्लेबी आणि नेतोलित्से या कोटांपर्यंत, पूर्वेला लितोमिश्लपर्यंत आणि उत्तरेला क्लाड्स्कोपर्यंत होती. ही नावं नकाशावर मांडली तर जवळजवळ अर्धा बोहेमिया होतो. तुमच्या सहकाऱ्याची 'दुसरी राजधानी' इथून आली आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातले बरेच अभ्यासक याच नकाशाला धरून चालले: पश्चिमेला प्रागवर राज्य करणारं प्रेमिसल घराणं, पूर्वेला लिबित्सेचे स्लावनिक, दोन राज्यं, आणि शेवटी एकाने दुसऱ्याला गिळलं. शाळेतल्या पुस्तकात बसायला ही गोष्ट फार सोयीची होती.

मला ती पटत नाही, आणि अलीकडच्या अनेक चेक इतिहासकारांनाही ती पटत नाही. कारणं सांगतो. एक, कोस्मास हे सगळं लिहितो तेव्हा स्लावनिकला जाऊन सव्वाशे वर्षांहून जास्त झालेली असतात. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणाची हद्द नक्की कुठवर होती हे ऐकीव माहितीवर किती बरोबर सांगता येईल, हे गावातल्या बांधावरून भांडणं पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. दोन, इब्राहिम इब्न याकूब नावाचा प्रवासी साधारण ९६५ च्या सुमाराला या भागात आला. तो प्रागच्या बोलेस्लाव पहिल्याला प्राग, बोहेमिया आणि क्राकोवचा राजा म्हणतो. प्राग ते क्राकोवची वाट लिबित्सेच्या आसपासून जाते. मध्येच एक स्वतंत्र राज्य आडवं पडलेलं असतं, तर त्याने ते एका वाक्यात तरी नोंदवलं असतं. तीन, प्रागच्या बिशपच्या गादीवर याच घराण्यातला मुलगा बसतो. शत्रुराज्यातला माणूस आपल्या राजधानीत बिशप म्हणून कोण बसवेल?

पण उलट बाजूलाही वजन आहे, ते लपवून चालणार नाही. सोब्येस्लावने स्वतःची चांदीची नाणी पाडली. त्यांवर लिबित्से आणि मालीन ही टांकसाळींची नावं येतात. मालीन आज कुत्ना होराचा भाग आहे, आणि कुत्ना होरा म्हणजे नंतरच्या शतकांतली बोहेमियाची चांदीची खाण. स्वतःच्या नावाने नाणं पाडणारा माणूस साधा सरदार नसतो. म्हणून माझं मत असं: स्लावनिक हे प्रागच्या सत्तेत राहून अंगापेक्षा मोठं झालेलं घराणं. त्यांच्याकडे रस्ता होता, चांदीजवळचा मुलूख होता, साक्सन, म्हणजे जर्मन सम्राटांच्या, दरबाराशी ओळख होती आणि एक बिशप होता. राज्य म्हणायला फार आणि जहागीर म्हणायला थोडं. तुमच्या सहकाऱ्याला सांगा, 'राजधानी' या शब्दावर अडू नकोस, पण प्रागच्या बोलेस्लावची झोप उडवणारी जागा होती, हे मात्र मान्य.

तुम्ही जमिनीवर आखलेलं चर्च पाहिलंत ते याच मोठेपणाची खूण आहे. पोद्येब्राडीचा एक औषधविक्रेता, यान हेलिख, याने या परिसरातल्या जुन्या वस्तू हौसेने गोळा केल्या आणि नोंदी ठेवल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ पासून, रुडॉल्फ तुरेक यांनी बालेकिल्ल्यावर मोठं उत्खनन केलं. त्यात दहाव्या शतकातल्या दगडी चर्चचा पाया निघाला, आडव्या बाहूंसह, पूर्वेला अर्धगोल, त्या काळातल्या जर्मन सम्राटांच्या मुलखातल्या घडणीचा. भोवती थडगी. जवळच एका प्रतिष्ठित घराच्या खुणा. लाकडाच्या वस्तीत दगडी चर्च म्हणजे त्या काळातला केवढा खर्च आणि केवढी ऐट, हे ध्यानात घेऊन ती आखणी परत बघा. त्या आखणीच्या आत उभं राहून मुलांना पावलं टाकून लांबी-रुंदी मोजायला लावा. मी उत्खननातल्या पाहुण्यांच्या पोरांना हाच उद्योग द्यायचो. मोठी माणसं फोटो काढून निघून जायची, पोरं मात्र पावलांच्या हिशोबावरून भांडत बसायची.

आता तुमचा सगळ्यात टोकदार प्रश्न, तो कत्तलीचा. होय, झाली. सेंट वेन्सेस्लासच्या सणाला, २८ सप्टेंबर ९९५ ला. प्रागचा राज्यकर्ता बोलेस्लाव दुसरा याच्या माणसांनी लिबित्सेवर हल्ला केला. चार भाऊ, स्पितिमीर, पोब्रास्लाव, पोर्झेय आणि चास्लाव, बायकामुलांसह मारले गेले. वाचले तिघे: सोब्येस्लाव, जो जर्मन राजा ओटो तिसरा (पुढे सम्राट झालेला) याच्याबरोबर एल्बपलीकडच्या स्लावांविरुद्ध मोहिमेवर होता, वॉयत्येख, जो तेव्हा देशात नव्हता, आणि सावत्र भाऊ रादिम, जो वॉयत्येखबरोबरच असायचा. तुम्ही पाहिलेला पुतळा वॉयत्येख आणि रादिम या जोडीचाच.

क्वेरफुर्टचा ब्रुनो याने काहीच वर्षांत वॉयत्येखचं चरित्र लिहिलं. त्यात एक बोचरा तपशील आहे. सणाच्या दिवसापुरतं तरी थांबा, अशी विनंती आतल्यांनी केली. बाहेरच्यांनी उत्तर दिलं की तुमचा संत वेन्सेस्लास असेल, आमचा संत बोलेस्लाव आहे. यातला डंख कळायला एक गोष्ट माहीत हवी. वेन्सेस्लासला मारणारा त्याचा सख्खा भाऊ बोलेस्लाव पहिला, आणि ९९५ चा बोलेस्लाव त्याचा मुलगा. खुन्याला संत म्हणणारी ही थट्टा ब्रुनोने मुद्दाम जपून ठेवली, असं मला वाटतं. तो वॉयत्येखच्या बाजूचा होता.

आता ते ठेवून दिलेलं पाणी बाहेर काढतो. जुन्या दिनदर्शिकेतला २८ सप्टेंबर ९९५ आजच्या हिशोबाने ३ ऑक्टोबरच्या आसपास पडतो. उन्हाळा सरलेला, पर्वतावर नवा बर्फ अजून पडलेला नाही, नदी वर्षातल्या सर्वांत खालच्या पाण्याच्या जवळ. पाणथळ भाग तेव्हा वर्षातला सर्वांत कोरडा. त्यात सोब्येस्लाव आणि त्याची लढाऊ माणसं बाहेर. कोस्मासही हे सांगत नाही, ब्रुनोही सांगत नाही, हा माझा मोजणीवाल्याचा अंदाज आहे, पण मला तो सुटत नाही. कुणीतरी सणाचा दिवस निवडला असेल, तसा पाण्याचा दिवसही निवडला असेल. दोन महिने आधी किंवा सहा महिने नंतर हे इतकं सोपं गेलं नसतं.

व्रशोव्त्सी नावाच्या घराण्याने हे केलं, असं तुम्हाला इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी ठामपणे लिहिलेलं सापडेल. त्या घराण्याला चेक दंतकथांमध्ये खलनायकाची जागा कायमची मिळालेली आहे. पण ९९५ साठी त्यांच्या नावाला समकालीन आधार लंगडा आहे, म्हणून मी ते धरून चालत नाही. गंमत अशी की याच लिबित्सेत त्यांच्यावरही वेळ आली. ११०८ मध्ये बोहेमियाचा ड्यूक स्वातोप्लुक याने व्रशोव्त्सींना संपवायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्यातला बोझेय नावाचा सरदार मुलासह इथे होता. कोस्मास सांगतो की त्याला काहीच कल्पना नसताना, जेवणाच्या वेळी, मारेकरी येऊन पोचले. एका गावात एकशे तेरा वर्षांच्या अंतराने दोन घराणी कापली गेली.

आणि ११०८ मध्ये बोझेयसारखा माणूस इथे राहत होता, यातून आणखी एक गोष्ट कळते, जी पर्यटकांना कुणी सांगत नाही. ९९५ नंतर लिबित्से राखेचा ढीग झालं नाही. प्रेमिसल राजांनी ते आपल्या कारभाराचं ठाणं म्हणून चालू ठेवलं. लोक राहत होते, पुरले जात होते, कर देत होते. राजे बदलले, नदीचं काम तेच राहिलं.

मग ते लहान गाव का झालं? एका घावात नाही. बाराव्या-तेराव्या शतकांत बोहेमियात दगडी किल्ल्यांची आणि नव्या शहरांची पद्धत आली. कारभार मातीच्या मोठ्या कोटांतून निघून तिकडे गेला. इथून पाच-सहा किलोमीटरवर पोद्येब्राडीला राजाचा दगडी किल्ला उभा राहिला, प्रेमिसल ओताकार दुसऱ्याच्या काळात. पोद्येब्राडीही लाबेकाठीच, पण तिथली नदी ओलांडायची जागा आणि बाजार पुढे महत्त्वाचे ठरले. पंधराव्या शतकात त्या गावाच्या घराण्यातून यिर्झी हा बोहेमियाचा राजा झाला. लिबित्से शेजारी राहून शेती करत राहिलं.

पाण्याचीही यात बाजू असावी. मध्ययुगात मध्य युरोपातल्या बऱ्याच खोऱ्यांत वरच्या भागातली जंगलं तोडून शेतं झाली. झाडं गेली की माती सुटते, पूर जास्त गढूळ होतात आणि सखल भागात गाळ चढतो. जो उंचवटा दहाव्या शतकात पाण्याच्या तीन मीटर वर होता, तो कधी वाकून बसल्यासारखा वाटू लागतो, कारण भोवतालची जमीनच वर आली. लिबित्सेत हे नेमकं किती झालं त्याचे आकडे मी इथे देत नाही, पण लाबेकाठी खड्डा घेतला की वरचा कित्येक हात थर हा असा नंतरचा गाळ असतो, हे मी स्वतः अनेकदा पाहिलं आहे. एका खड्ड्यात तर मी मांडीपर्यंत रुतलो आणि दोन सहकाऱ्यांनी बूट आत सोडून मला बाहेर ओढलं. बूट अजून तिथेच आहे. दोन-तीनशे वर्षांनी कुणाला सापडला तर त्याच्याही तारखेवर वाद होतील.

वॉयत्येखचं पुढे काय झालं ते थोडक्यात. प्रागमधल्या लोकांच्या वागण्याला तो कंटाळला होता: एकाहून जास्त बायका, पाद्र्यांची लग्नं, ख्रिस्ती गुलामांची विक्री. ९९३ मध्ये त्याने प्रागजवळ ब्र्येव्नोवचा मठ स्थापला, तो आजही प्रागमध्येच आहे, ट्रामने जाऊन बघता येतो. घरच्यांची कत्तल झाल्यावर परतण्याचा प्रश्नच उरला नाही. पोलंडचा राज्यकर्ता बोलेस्लाव ख्रोब्री (हा वेगळा बोलेस्लाव) याने त्याला प्रशियन लोकांत धर्मप्रचाराला पाठवलं, आणि २३ एप्रिल ९९७ ला ते त्याला मारून मोकळे झाले. ख्रोब्रीने त्याचं शरीर सोनं मोजून परत घेतलं आणि ग्न्येझ्नोला पुरलं. १००० मध्ये सम्राट ओटो तिसरा त्याच्या थडग्यावर आला आणि ग्न्येझ्नोला आर्चबिशपचं पीठ मिळालं. पहिला आर्चबिशप झाला रादिम, हाच पुतळ्यातला दुसरा. सोब्येस्लाव पोलंडच्या बाजूने राहिला आणि १००४ मध्ये पोलिश सैन्य प्रागमधून मागे हटत असताना एका पुलावर पडला. म्हणजे हे घराणं संपलं ते लिबित्सेत, पण पोलंडच्या स्वतःच्या आर्चबिशप-पीठाची सुरुवात मात्र याच घराण्याच्या दोन भावांपासून झाली. पोलंडमध्ये लिबित्सेचं नाव ऐकून डोळे चमकतात. चेक मुलांना ते परीक्षेपुरतं आठवतं.

आता पुढच्या वेळचं नियोजन. ट्रेनने जा. कोलीन आणि पोद्येब्राडी यांच्यामधल्या मार्गावर लिबित्सेला स्थानक आहे, कोलीनला किंवा निम्बुर्कला गाडी बदलून पोचता येतं. उतरल्यावर आधी गाव बघू नका. आधी नदीकडे जा आणि त्सिद्लिनाच्या काठाने थोडं चाला, बालेकिल्ल्याकडे पाणथळ बाजूने या. वर चढताना चढ जाणवेल, आणि तो चढ म्हणजेच तटबंदीचा अर्धा भाग. चर्चच्या आखणीत पोरांना पावलं टाकायला लावा. मग सखल भाग ओलांडून गावात शिरा. तो सखल भाग मुलांना नक्की दाखवा, कारण तिथून एकेकाळी पाणी वाहत होतं.

वेळ असेल तर लिबित्सकी लुह हे राखीव जंगल बघा. १९८५ पासून संरक्षित आहे, ४०० हेक्टरांच्या वर. ओक, अॅश यांसारख्या झाडांचं पूरमैदानातलं हे जंगल लाबेकाठी उरलेल्या मोठ्या तुकड्यांपैकी एक. आत जुन्या वळणांमधलं हिरवट पाणी दिसलं की दहाव्या शतकातला कोट कशात बसला होता ते नकाशाशिवायही कळतं. संगम जिथे होतो तिथवर जायचं असेल तर पायाखालची वाट बघून जा, पावसानंतर मात्र नको.

जाण्याचा महिना मार्चचा शेवट ते एप्रिल निवडा. झाडांना पानं यायची असतात, जमिनीवर वसंताची फुलं असतात आणि उंचवटे लांबून दिसतात. जून-जुलैत गेलात तर सगळं हिरवं होऊन उंचसखल झाकलं जातं, आणि डास इतके की मी मोजणीची उपकरणं सोडून पळून आलोय. पाणी उंचावर असेल तर जंगलातल्या काही वाटा बंद असतात, त्या दिवशी नुसतं बालेकिल्ल्यावर उभं राहून खाली बघा. तुम्हाला कोट दिसेल.

मालीनची नाणी आणि कुत्ना होराच्या चांदीबद्दल तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलं आहे. ते इथे कोंबत नाही, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. वेगळा प्रश्न टाका, मी जेवढं जाणतो तेवढं लिहीन.